खलनायकांचं कॅम्पेन चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत आणि फासे टाकून निकाल लावत गोष्ट रंगवायच्या खेळात, एरवी खेळाडू गाव वाचवतात. इथे मात्र ज्यांच्या भीतीने गाव दारं लावून घेतं, तीच पात्रं खेळाडूंची असतात. असं कॅम्पेन (अनेक सेशनमध्ये, म्हणजे बैठकांत, चालणारी सलग गोष्ट) चालवायला निघालेले गेम मास्टर, म्हणजे जग आणि बाकीची माणसं सांभाळणारे सूत्रधार, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. उत्तरं एकाच सिस्टमला, म्हणजे एकाच खेळाच्या नियमांना, बांधलेली नाहीत. समजायला सोपं जावं म्हणून बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण घेतलं आहे: एक बंदराचं शहर आणि ते गिळायला निघालेली तीन पात्रं.

खलनायकांचं कॅम्पेन म्हणजे नेमकं काय? चोरांची टोळी खेळवली की झालं ना?

टोळी चोरांची असली तरी ती नायकांची असू शकते. जुलमी सरदाराचा खजिना लुटून गोरगरिबांत वाटणारे चोर नायकच ठरतात. कसोटी एवढीच लावा: या जगात एखादा सरळमार्गी, शूर माणूस असेल तर तो कुणाला अडवायला घराबाहेर पडेल? उत्तर ‘आपल्या पात्रांना’ असं येत असेल तर कॅम्पेन खलनायकांचं आहे.

हे अलीकडचं खूळ नाही. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ आला तेव्हाच पात्राला लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (अराजक) यांतली एक बाजू निवडावी लागे. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुक या त्याच्या नियमपुस्तकात नऊ अलाइनमेंट (पात्राचा नैतिक कल) आल्या. त्याच पुस्तकात असॅसिन (मारेकरी) हा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, होता आणि असॅसिन दुष्टच असला पाहिजे, अशी अट होती. म्हणजे दुष्ट पात्र खेळायची मुभा या छंदात पहिल्यापासून आहे. तसं पात्र घेऊन महिनोन्महिने मजेत कसं खेळायचं, ते मात्र प्रत्येक टेबलाला, म्हणजे खेळणाऱ्या गटाला, नव्याने शिकावं लागतं.

मग नेहमीच्या कॅम्पेनपेक्षा वेगळं काय? फक्त बाजू बदलली ना?

बाजू बदलली की सुरुवात कोणी करायची, तेच बदलतं. ड्रॅगन गाव जाळतो, राजकन्या पळवली जाते, थडग्यातून मुडदे उठतात, आणि मग नायक हातातलं काम टाकून निघतात. आधी काहीतरी बिघडतं आणि ते निस्तरायला नायक येतात. खलनायक कुणाच्या हाकेची वाट बघत नाहीत. बिघडवणारे तेच असतात.

बहुतेक कॅम्पेनं इथेच फसतात. गेम मास्टर सवयीने मोहीम तयार करतो, कुणीतरी काळ्या झग्यातला धनी येऊन काम देतो आणि खेळाडू ते करून येतात. तीन सेशन झाली की लक्षात येतं, पात्रं खलनायक नाहीत, ती भाडोत्री नोकर आहेत. हाव खेळाडूंनीच आणायला हवी. त्या हावेच्या वाटेत जिवंत माणसं उभी करणं हे तुमचं काम. पुढची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

कोणती सिस्टम घ्यावी?

टेबलाला जी येते ती चालते, पण काही खेळ मुळातच या कामासाठी घडवलेले आहेत.

२०१७ साली आलेल्या ब्लेड्स इन द डार्कमध्ये खेळाडू गुन्हेगारांची टोळी चालवतात. पात्राच्या शीटइतकंच (पात्राची माहिती लिहिलेला कागद) महत्त्व टोळीच्या शीटला असतं. दर कामगिरीनंतर ‘हीट’, म्हणजे कायद्याचं लक्ष, चढते, ती साचली की वाँटेड लेव्हल (कायदा किती जोराने मागे लागलाय त्याची पातळी) वाढते. लांबलेल्या खलनायकी कॅम्पेनसाठी मी आधी याचंच नाव घेईन.

व्हँपायर: द मास्करेड हा १९९१ चा खेळ वेगळ्या वाटेने जातो. त्यात पात्राची माणुसकी आकड्यात मोजली जाते, क्रूर कृत्यांनी ती घसरते आणि शून्यावर गेली की पात्र खेळाडूच्या हातातून निसटतं. आपल्या वागण्याची किंमत आतून जाणवावी असं वाटत असेल तर हा खेळ घ्या. २००३ च्या माय लाइफ विथ मास्टरमध्ये सगळे एका भयंकर मालकाचे चाकर असतात. मालकाचा हुकूम आणि स्वतःची ओढ यांत ते पिळले जातात.

एका संध्याकाळीच हौस भागवायची असेल तर २००९ चा फियास्को बघा. गेम मास्टर नाही, तयारी नाही, तीन ते पाच जण बसतात आणि हाव मोठी, अक्कल छोटी अशा माणसांच्या बेताचा बोजवारा उडताना बघतात. एकमेकांना दगा देण्यातच मजा हवी असेल तर १९८४ चा पॅरानॉइया आहे. त्यात प्रत्येक जण म्युटंटही असतो आणि कुठल्यातरी गुप्त संघटनेचा सदस्यही. मेल्यावर हाताशी क्लोन असतात, त्यामुळे मरण कुणी मनाला लावून घेत नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्सवरच ठाम असाल तर अनुभवाच्या गुणांचा, म्हणजे ज्यांच्यावर पात्र वाढत जातं त्या गुणांचा, नियम बदला. मारलेल्या शत्रूमागे गुण दिले की खेळाडू मारतच सुटतात. सुरुवातीच्या आवृत्त्यांत बहुतेक गुण बाहेर काढून आणलेल्या खजिन्याचे मिळत, एका सोन्याच्या नाण्याला एक गुण. त्यामुळे लढाई टाळून माल उचलणं शहाणपणाचं ठरे. खलनायकांना हाच हिशेब शोभतो. उद्दिष्टाकडे एक पाऊल पुढे पडलं की गुण, कुणाला ठार केलं म्हणून नाही.

सेशन झीरोमध्ये काय काय ठरवायचं?

नेहमीच्या कॅम्पेनला सेशन झीरो, म्हणजे खेळ सुरू करण्याआधीची ठरवाठरवीची बैठक, असेल तर बरं असतं. इथे ते झालंच पाहिजे. त्याशिवाय सुरू करू नका.

पहिली गोष्ट सूर. ‘व्हिलन खेळूया’ म्हटल्यावर एकाच्या डोळ्यांसमोर गडगडाटी हसणारा, केप उडवणारा कार्टूनमधला दुष्ट येतो, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर थंड डोक्याचा राजकारणी आणि तिसऱ्याच्या डोळ्यांसमोर रक्ताचे पाट. तिघेही उत्साहाने होकार देतात आणि पहिल्याच सेशनला एकमेकांकडे बघत बसतात. म्हणून प्रत्येकाला विचारा, तुझ्या पात्राने केलेलं एक वाईट काम सांग, जे ऐकून या टेबलाला मजा येईल. तीन उत्तरांत सूर कळतो.

दुसरी गोष्ट मर्यादा. लाइन्स आणि व्हेल्स ही जुनी आणि साधी पद्धत आहे. लाइन म्हणजे जे आपल्या गोष्टीत घडणारच नाही. व्हेल म्हणजे जे घडेल, पण आपण बघत बसणार नाही; दार लागलं की पुढचं दृश्य. यादी लिहून ठेवा आणि कोणी काय लिहिलं याची चर्चा करू नका. माझं मत विचाराल तर लैंगिक अत्याचार सरळ लाइनमध्ये टाका, कुणी सुचवण्याची वाट न बघता. त्यामुळे कुठलंही कॅम्पेन गरीब होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ऐन खेळात थांबायची सोय. २०१३ मध्ये पुढे आलेलं एक्स-कार्ड बऱ्याच टेबलांवर वापरतात. एक्स लिहिलेलं कार्ड मध्ये ठेवायचं, कुणीही त्याला हात लावला की तो भाग गोष्टीतून काढायचा. कारण विचारायचं नाही. ऑनलाइन खेळत असाल तर चॅटमध्ये नुसतं एक्स टाइप केलं तरी पुरे. गेम मास्टरनेही ते वापरावं, आणि शक्यतो पहिल्यांदा त्यानेच वापरावं, म्हणजे बाकीच्यांचा संकोच जातो.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते: पात्रांनी एकमेकांना दगा द्यायचा की नाही? त्याचं सविस्तर उत्तर पुढे आहे, पण हा निर्णय पहिल्या दिवशीच व्हायला हवा.

पात्र कसं घडवायचं? ‘दुष्ट आहे’ एवढं पुरत नाही का?

नाही पुरत. दुष्टपणा हा स्वभाव झाला. पात्राला कामाला लावते ती त्याची गरज. प्रत्येक खेळाडूकडून तीन उत्तरं लिहून घ्या.

तुला काय हवंय? उत्तर हातात धरता येईल असं पाहिजे. ‘सत्ता’ हे उत्तर नाही. ‘ज्या आरमाराने मला हाकललं त्याच्या सेनापतीची खुर्ची’ हे उत्तर आहे.

तू कुणासाठी मागे फिरशील? म्हातारी आई, धाकटा भाऊ, जुना गुरू, पाळलेला लांडगा, कुणीही चालेल, पण कुणीतरी हवं. ज्याला गमावण्यासारखं काहीच नाही, त्याच्यावर कथेत कशाचाच ताण येत नाही.

तू काय करणार नाहीस? विष देईन पण दिलेला शब्द मोडणार नाही. शहर जाळेन पण मंदिराला हात लावणार नाही. ही एक रेघ पात्राला माणूस बनवते. कॅम्पेनच्या मध्यावर ती ओलांडायची वेळ आली की टेबलावर जी शांतता पसरते, तिची सर कुठल्याही मोठ्या लढाईला येत नाही.

आपल्या उदाहरणातले तिघे असे: आरमारातून बडतर्फ झालेला अधिकारी, औषधांच्या नावाखाली विष विकणारी वैदू आणि मठातून हाकललेला पुजारी. तिघांना बंदर हवंय, पण प्रत्येकाला वेगळ्या कारणासाठी.

पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) फुटू नये म्हणून काय करावं?

सगळे दुष्ट आहेत म्हणजे सगळे दगाबाज आहेत, असा समज करून घेतल्याने जेवढी कॅम्पेनं बुडतात तेवढी दुसऱ्या कशाने बुडत नसतील. गोष्टींतले यशस्वी खलनायक आठवा. त्यांच्या भोवतीची माणसं जीव देणारी असतात. जग त्यांच्या विरोधात असतं, म्हणूनच ते एकमेकांना धरून राहतात.

पात्रं बनवतानाच त्यांना बांधा. ‘तुम्ही सरायीत भेटता’ ही सुरुवात इथे चालायची नाही. शेजारच्या खेळाडूकडे बोट दाखवून विचारा: याने तुला कशातून वाचवलं? याचं कोणतं गुपित तुझ्याकडे आहे? याच्याशिवाय तुझा बेत का अडतो? शेवटचा प्रश्न फार कामाचा. अधिकाऱ्याला जहाजं कळतात पण शहरात त्याला तोंड दाखवता येत नाही. वैदूला प्रत्येक घरात प्रवेश आहे पण तिच्याकडे माणसं नाहीत. पुजाऱ्याकडे माणसं आहेत पण कवडी नाही. यातला एक जरी गेला तरी बाकी दोघांचं अडतं.

त्याच्या जोडीला टेबलाचा एक नियम ठेवा: एका पात्राने दुसऱ्या पात्राविरुद्ध काही केलं तर ते जमलं की नाही, हे ज्याच्याविरुद्ध केलं तो खेळाडू ठरवेल. फासे नाहीत. एवढ्या एका नियमाने खिसे कापणं, झोपेत गळा चिरणं असले प्रकार थांबतात, आणि दोघांनाही हवा असलेला दगा मात्र बिनदिक्कत घडू शकतो.

म्हणजे दगाबाजीला जागाच नाही?

आहे, पण खेळाडूंना ठाऊक असलेली. पात्र अंधारात असलं तरी चालतं, खेळाडू नको. ‘माझा पुजारी तुझ्या अधिकाऱ्याला विकायच्या बेतात आहे, चालेल का?’ असं खेळाडूने टेबलावर उघड विचारावं. समोरचा हो म्हणाला की दोघे मिळून ते दृश्य रंगवतात. ‘आपल्याला कळलंय, त्याला अजून कळलेलं नाही’ या जाणिवेत बघणाऱ्यालाही मजा येते. गेम मास्टरला गुपचूप चिठ्ठ्या पाठवून शिजवलेला दगा टेबलावरचा विश्वास खातो, आणि तो विश्वास पुढच्या कॅम्पेनलाही लागणार असतो.

तयारी कशाची करायची? प्लॉट कोण ठरवणार?

प्लॉट लिहू नका. जागा, माणसं आणि त्यांच्या अडचणी लिहा. प्रत्येक सेशनच्या शेवटी एकच प्रश्न विचारा: पुढच्या वेळी काय करणार आहात? खेळाडू म्हणाले ‘दीपगृह ताब्यात घेणार’, की तुमची दिशा पक्की झाली. मधल्या दिवसांत फक्त दीपगृहाची तयारी करायची.

ती तयारी एका पानात बसते. दीपगृहाची रखवालदारीण पन्नाशीची, एका कानाने बहिरी, रोज संध्याकाळी तेल स्वतः मोजून घेते. तिचा मुलगा गोदीत हमाल आहे आणि जुगारात कर्जबाजारी झालाय. तेल पुरवणारा व्यापारी मापात मारतो. बंदराच्या अधिकाऱ्याला दिवा वेळेवर लागला की बाकी कशाशी घेणं नाही. पात्रांनी काहीच केलं नाही तर या महिन्यात मुलगा तेल चोरताना पकडला जाईल. एवढं पुरे. आत शिरायचे चार रस्ते यात आहेत आणि खेळाडू हमखास पाचवा काढतील.

धोका वेगळाच असतो, बेत आखण्यात अख्खं सेशन जाण्याचा. खलनायकांना बेत आवडतात आणि खेळाडूंना खलनायकांपेक्षा जास्त आवडतात. वेळ बांधून द्या, पाव तास पुष्कळ झाला. ब्लेड्स इन द डार्कमधला फ्लॅशबॅकचा नियम कुठल्याही सिस्टममध्ये उचलता येतो. काम सुरू करायचं, आणि अडचण आली की खेळाडू म्हणतो, ‘याची सोय मी कालच करून ठेवली होती.’ त्याची थोडी किंमत घ्यायची, कालचं छोटं दृश्य खेळायचं आणि पुढे जायचं. पात्रं हुशार दिसतात आणि तीन तास नकाशावर डोकं खुपसून कुणाला बसावं लागत नाही.

माझे खेळाडू दिसेल त्याला मारत सुटतात. काय करू?

आधी बघा, त्यांच्याकडे करण्यासारखं दुसरं काही आहे का. उद्दिष्ट नसलं की हिंसा हेच एकमेव खेळणं उरतं.

दुसरं म्हणजे तुमची माणसं मेलेली बरी की जिवंत बरी, हे तपासा. ज्या दुकानदाराला नाव नाही, गरज नाही, माहिती नाही, तो मेला काय आणि जगला काय. दीपगृहात वैदूचा खेळाडू म्हणतो, ‘म्हातारीला संपवू आणि जागा घेऊ.’ त्याला अडवू नका, रागावूही नका. फक्त समोर काय आहे ते सांगा: ‘संपवता येईल, तिच्याकडे साधी काठीसुद्धा नाही. पण दिव्याची वात आणि भिंगं कशी जुळवायची ते या शहरात तिलाच येतं. आज रात्री तीन जहाजं यायची आहेत, त्यातलं एक तुमच्या चोरट्या मालाचं.’ मग बघा. सुरी म्यानात जाते, पुजारी पुढे येऊन मुलाच्या कर्जाची चौकशी करतो आणि पुढचा अर्धा तास त्या बाईशी बोलणं चालतं. शेवटी ती स्वतःहून त्यांची माणूस होते. मुडदा पाडण्यापेक्षा हे कितीतरी जास्त खलनायकी आहे, आणि खेळाडूंना ते स्वतःच उमगलेलं असतं.

तरीही मारलं तर मारू द्या. त्या रात्री दिवा लागणार नाही.

परिणाम कसे दाखवायचे? दर वेळी शिपाई पाठवले की खेळाडू वैतागतात.

वैतागणारच, कारण त्यात त्यांना शिक्षेचा वास येतो. परिणाम म्हणजे शिक्षा नव्हे, जगाने दिलेलं उत्तर. शिवाय ते आधी दिसायला हवं.

ब्लेड्स इन द डार्कमधली क्लॉक्स इथे फार उपयोगी पडतात. कागदावर वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे, वर नाव लिहायचं आणि ते सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. समजा नाव आहे ‘राजधानीला संशय येतो’ आणि भाग सहा. दिवा विझलेल्या रात्री जहाज फुटलं, दोन भाग भरले. एका व्यापाऱ्याचं तक्रारपत्र निघालं. बंदराच्या अधिकाऱ्याला लाच देताना बोभाटा झाला, आणखी एक भाग. शहरात एक तपासनीस उतरला. सहाही भरले की खाडीच्या तोंडाशी युद्धनौका उभी राहील. खेळाडू त्या वर्तुळाकडे बघत बघत निर्णय घेतात. ‘हे केलं तर एक भाग भरेल, करू?’ असं तेच एकमेकांना विचारायला लागतात.

शिपायांपेक्षा टोचणारे परिणाम पुष्कळ आहेत. भाकरवाली आता पैसे घेत नाही, हात थरथरत माल पुढे सरकवते. पुजाऱ्याचा भाऊ त्याच्याशी बोलायचा थांबतो. गल्लीतली पोरं अधिकाऱ्याच्या चालण्याची नक्कल करत ‘खलाशी बुडवू’ खेळतात. यातल्या कशालाच फासे लागत नाहीत.

विरोधक कोण असावेत?

चांगली माणसं, आणि ती खरोखर चांगली असू द्या. प्रत्येक नायक आतून ढोंगी, प्रत्येक साधू लबाड, प्रत्येक राजा भ्रष्ट असं दाखवायचा मोह होतो, म्हणजे खेळाडूंना वाईट वाटायला नको. तसं केलं की कॅम्पेनची हवाच जाते. सगळेच सारखे वाईट असतील तर आपली पात्रं खलनायक कशी?

आपला तपासनीस तरुण आहे, कामात चोख आहे, लाच घेत नाही. बुडालेल्या जहाजावर त्याचा भाऊ होता. तो मूर्ख नाही, पण त्याच्याकडे माणसं कमी आहेत आणि वरिष्ठांनी त्याला अमावास्येपर्यंतचीच मुदत दिली आहे. त्याला खेळाडूंच्या समोर आणा, एकदा जेवायला बोलवा, वैदूकडून त्याला झोपेचं औषध घेऊ द्या. खेळाडूंना तो आवडायला लागला की समजा, काम झालं. आता त्याच्याशी लढताना प्रत्येक चाल विचार करून पडेल.

जोडीला एखादा प्रतिस्पर्धी खलनायकही ठेवा. त्याला हरवताना मनावर ओझं नसतं आणि टेबलाला मोकळा श्वास मिळतो.

छळाची, क्रौर्याची दृश्यं कशी हाताळायची?

हेतू विचारा, निकाल सांगा, पुढे चला. ‘हमालाकडून तुला काय काढून घ्यायचंय?’ ‘सावकाराचं नाव.’ फासे टाका. ‘पहाटेपर्यंत त्याने नाव सांगितलं. तो आता उजवा हात वापरू शकत नाही आणि त्याच्या आईला ते दिसणार आहे.’ एवढंच. तपशिलात शिरून वर्णन करण्याने कुणाचं पात्र जास्त भयंकर होत नाही. नंतर आई मुलाचा हात बघते, ते दृश्य खेळा. भीती त्यात आहे.

‘माझं पात्र असंच आहे’ म्हणून एक जण सगळ्यांचा विरस करतोय.

पात्र कसं आहे ते खेळाडूनेच ठरवलंय, तोच बदलू शकतो. खेळ थांबवून, पात्राशी नव्हे तर माणसाशी बोला. एकट्याला बाजूला घेऊन, स्पष्ट. हे गोष्टीच्या आतून सुटत नाही. त्याच्या पात्रावर वीज पाडून तर अजिबात नाही.

पार्टीत एकच दुष्ट आणि बाकी सगळे चांगले, असं जमेल?

माझं उत्तर नाही असंच असतं. बाकीच्यांना एक तर आंधळं व्हावं लागतं नाही तर पहारेकरी, आणि दोन्हीत त्यांची मजा जाते.

अगदी नवखे खेळाडू असतील तर?

चालेल. नवख्यांना ‘नायकाने असंच वागायचं असतं’ ही सवय लागलेली नसते, त्यामुळे ते बेधडक पुढाकार घेतात. दोन-तीन सेशनची छोटी गोष्ट घ्या, सूर हलका ठेवा. मुलं खेळणार असतील तर उपद्व्यापी गॉब्लिन द्या आणि लाडू पळवण्यापलीकडे जाऊ नका.

एखादं पात्र सुधारायला लागलं तर कॅम्पेन मोडेल का?

मोडत नाही, उलट बहरतं, पण टेबलावर बोलून घ्या. अधिकारी म्हणतो, ‘आता बास, मी त्या तपासनिसाला सगळं सांगतो.’ त्या खेळाडूसमोर दोन वाटा ठेवा: सुधारलेलं पात्र तुमच्या ताब्यात एनपीसी (गेम मास्टर चालवतो ते पात्र) म्हणून देऊन नवं पात्र घ्यायचं, किंवा ही घालमेल सांभाळत टोळीतच राहायचं. दुसरी वाट अवघड आहे आणि मला तीच जास्त आवडते. मात्र सगळ्या पार्टीलाच चांगलं व्हायचं असेल तर आडवे येऊ नका. त्यांनी आधी करून ठेवलेलं सगळं त्या शहरात अजून तसंच आहे, त्यामुळे सुधारण्याची वाट सोपी नसेलच.

खेळून झाल्यावर मनाला जड वाटतं. हे होतं का?

होतं. पात्राच्या भावना माणसात झिरपतात आणि माणसाच्या पात्रात, याला या छंदाच्या वर्तुळात ‘ब्लीड’ म्हणतात. घाबरण्यासारखं नाही, पण दुर्लक्षही करू नका. सेशन संपल्यावर लगेच उठू नका. दहा मिनिटं पात्रांबद्दल तृतीयपुरुषात बोला: ‘आज वैदू फारच पुढे गेली, नाही?’ ‘मी’ ऐवजी ‘ती’ म्हटलं की पात्र अंगावरून उतरायला मदत होते. प्रत्येकाला आवडलेला एक क्षण आणि नकोसा वाटलेला एक क्षण विचारा.

हे गेम मास्टरलाही लागू आहे. मेलेला प्रत्येक माणूस तुम्हीच उभा केलेला असतो. दोन आठवडे थांबावंसं वाटलं तर थांबा, मधे काहीतरी हलकं खेळा.

असं कॅम्पेन किती लांब असावं?

आठ ते बारा सेशन हा माझ्या मते चांगला पल्ला आहे. पहिल्या तिनांत शहर ओळखीचं होतं, मधल्या काळात ते हाताखाली येतं आणि शेवटी ते राखता राखता दमछाक होते. त्यापलीकडे न्यायचं असेल तर पात्रांना नवी हाव लागते.

शेवट कसा करायचा? त्यांना जिंकू द्यायचं?

त्यांनी मिळवलं असेल तर नक्की जिंकू द्या. शेवटच्या क्षणी आकाशातून नायक उतरवून सगळं पुसून टाकणं म्हणजे इतके दिवस खेळलेल्या माणसांचा अपमान आहे. जिंकल्यावर प्रत्येकाला एक दृश्य द्या. जे हवं होतं ते हातात आलंय, दहा वर्षं उलटली आहेत, आणि आपल्या पात्रांच्या तीन उत्तरांतलं दुसरं आठवा: ज्याच्यासाठी मागे फिरणार होतास, तो माणूस आज कुठे आहे? खेळाडूलाच सांगू द्या.

हरले तर तेही पुरतं हरू द्या, पण त्यांच्या स्वतःच्या चालींमुळे. कुठलं वर्तुळ कधी भरलं, हे त्यांना बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

आणि जिंकले असतील तर त्यांची कॅरेक्टर शीट मागून घ्या. प्रत्येकाला शीटच्या मागे तीन गोष्टी लिहायला सांगा: माझा किल्ला कुठे आहे, माझ्यावर चालून येणाऱ्यांसाठी मी कोणता सापळा लावलाय आणि माझी दुखरी नस कोणती. पुढच्या कॅम्पेनमध्ये त्याच खेळाडूंना नवी, सरळमार्गी पात्रं द्या, पहिल्या लेव्हलची. दीपगृहातल्या बाईची नात किंवा तपासनिसाचा शिष्य यांच्यापासून सुरुवात करता येईल.